अडीच तासांचं अंतर

महारुद्र बसमधून एकटाच उतरला तेव्हा गफारला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि मग तसं वाटल्याची शरम वाटली.

"न्हाय?" त्यानं विचारलं.

"न्हाय, गफारभाई. नवाची बस बघितली, अकराची बघितली. सोलापुरात नळदुर्गच्या फलाटावरनं हललो न्हाय. पानी प्यायलासुदिक गेलो न्हाय."

"टेशनात बघायचं होतं."

"तुमीच म्हनला की, टेशनात कशाला, नळदुर्गच्या बशीपाशी थांब म्हनून. तितं येनारच तो, म्हनला."

म्हणाला होता खरं. महारुद्र पंधरा वर्षं गफारचा ट्रक चालवत होता आणि त्याआधी शाळेत गफारच्या धाकट्या भावाच्या, बशीरच्या, शेजारी बसला होता, त्यामुळं ओळखण्यात चूक होण्याचा प्रश्न नव्हता. म्हणजे बशीर आलाच नव्हता. चौदा वर्षांपूर्वी 'महिनाभरात येतो' म्हणून कराचीला गेला होता, तेव्हाही आला नव्हता. गफारनं मांडवाकडे पाहिलं. बेंबळीचं वऱ्हाड केव्हाच येऊन बसलं होतं, काझीसाहेबांचा दुसरा चहा झाला होता, दुपारची जोहरची नमाज होऊनही अर्धा तास झाला होता. आता आत जाऊन नवरीला, बशीरच्या पोरीला, सांगायचं कुणी, एवढंच राहिलं होतं.

गफारच्या घरात अंतर मैलात कुणी मोजत नसे. ट्रकवाल्याचं घर ते. सोलापूर म्हणजे एक चहा. हैदराबाद म्हणजे दोन जेवणं आणि एक झोप. कराची म्हणजे काय, हे मात्र कुणाला सांगता येत नव्हतं. मग महिन्यापूर्वी बशीरचं पत्र आलं. भावाला कमी आणि पोरीला जास्त, असं ते पत्र होतं. व्हिसा मिळाला. बुधवारी दुपारी बाराला विमान. मुंबईपर्यंत साडेपाचशे मैल, अडीच तास. रात्रीची मेल, गुरुवारी सकाळी आठला सोलापूर. तिथून नळदुर्ग अठ्ठावीस मैल. अकराच्या आत मी घरी.

"अडीच तास?" फरिदाबी तेव्हा म्हणाली होती. ती गफारची बायको, आणि कुठल्याही गोष्टीचं घाऊक माप करून टाकण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. "म्हंजी कराची एक चहाच झाली की. अन् आमी उगीच समुद्रापल्याड समजून बसलो."

सगळे हसले. जमिला हसली नाही. तिनं चुलीतला कोळसा घेऊन स्वयंपाकघराच्या भिंतीवर तास मांडले. तिकडची घड्याळं आपल्यापेक्षा अर्धा तास मागं असतात, हे तिला मास्तरांनी सांगितलेलं. म्हणून बाराला निघालेलं विमान आपल्या तीनला मुंबईत उतरणार, हेही तिनं बरोबर धरलं. ती बशीरची मुलगी. बाप गेला तेव्हा चार वर्षांची होती. त्याचं तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं, आणि आठवतं असं ती सगळ्यांना सांगत असे.

*

"न्हाय आला ना?" कुलसुमबीनं जावेला विचारलं. आवाजात आश्चर्य नव्हतं, आनंदही नव्हता. भाताखालचा जाळ ओढताना विचारावं तसं विचारलं.

फरिदाबीनं मान हलवली.

"मंग थांबलेत कशापायी? तिचे चुलते, भाईसाब, हायत की हक्काचे. बापाच्या जागी त्येंनाच वली करा अन् उरकून टाका."

कुलसुमबी बशीरची बायको. निजामाच्या वेळी तो करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर कारकून होता. गाड्या अडवायचा, माल लिहायचा, ऐटीत असायचा. पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि नाका उठला. ओळखीच्या दोघांबरोबर तोही उठला. पहिली सहा वर्षं पत्रं यायची, 'तुम्हाला बोलावून घेतो' असं लिहिलेलं. सातव्या वर्षी पत्र आलं की तिकडं निकाह केला आहे, समजून घ्यावं. कुलसुमबीनं समजून घेतलं, म्हणजे पत्र चुलीत घातलं आणि दुसऱ्या दिवशीपासून थोरल्या दिराच्या, गफारच्या, ढाब्यावरच्या भाकरी थापायला बसली. कुणाचं मिंधं राहायचं नाही, हा तिचा बाणा. त्या दिवसापासून तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. लागलंच तर 'जमिलाचा बाप' म्हणायची, तेही दुसऱ्याच कुणाबद्दल बोलल्यासारखं.

"अम्मी, मी निकाहाला रजा देनार न्हाय," कोपऱ्यातून जमिला म्हणाली.

हिरव्या शालूत ती आखडून बसली होती. हातावरची मेंदी वाळून काळी पडली होती.

"काय म्हनलीस?"

"अब्बा येईस्तोवर रजा देनार न्हाय. एकदा बघू द्या मला त्यांना. मंग कुनाशीबी लावा."

"कुनाशीबी काय? चांगला तहसिलीत कारकून हाय पोरगा," फरिदाबी म्हणाली. "अन् हे बघ, निकाहाचा वकील अन् दोन गवाह विचारायला आले की पोरी बोलत नस्त्यात. गप ऱ्हायचं. पोरगी गप ऱ्हायली की रजाच धरत्यात."

"मी गप ऱ्हानार न्हाय, बडीअम्मा."

कुलसुमबी उठून तिच्यासमोर आली. तिला लेकीच्या थोबाडीत मारावंसं वाटलं, आणि तिला पोटाशी धरावंसंही वाटलं. स्वतःच्या हातांना मेंदी नसल्यामुळं तिला दोन्ही करता आलं असतं. तिनं काहीच केलं नाही.

"चौदा वर्सं न्हाय आला त्यो. आज येईल व्हय?"

"अडीच तासांवर हायत ते, अम्मी."

"व्हय ना. अडीच तासांवर हाय. अन् चौदा वर्सं न्हाय आला. तूच मांड आता भिंतीवर."

जमिलाचा चेहरा पडला. हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. महिनाभर तिनं ते अडीच तास जवळ आल्याचे म्हणून मोजले होते; तेवढेच तास आधीही होते, हे आता कुणीतरी तिला दाखवलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती आईचीच पोरगी. तिनं हट्ट सोडला नाही.

*

मांडवात काझीसाहेबांनी घसा साफ केला.

"गफारमियाँ, बाप हयात असताना वली होऊन मुलीचा निकाह लावून द्यायचा पहिला हक त्याचा. तो नसला तर तुमचा, मोठ्या भावाचा. आणि बाप हयात आहे पण इतका लांब आहे की त्याची वाट बघण्यात चांगलं स्थळ हातचं जाईल, तर तो नाही असंच धरतात. मुलगी सज्ञान आहे, शेवटी रजा तिची. पण मला एवढं सांगा, तो आत्ता किती लांब आहे?"

गफारनं सोलापूरच्या रस्त्याकडे पाहिलं. मुंबईत आहे म्हणावं तर कशावरून? कराचीत आहे म्हणावं तर मग आपण इथं काय करतो आहोत? त्याच्या मनात दुसरंच होतं, आणि ते त्याला कुणासमोर कबूल करायचं नव्हतं. या पोरीचा गोवर त्यानं काढला होता. तिला सातवीपर्यंत शाळेत त्यानं घातलं होतं, बिरादरीशी भांडून. ट्रकच्या हौद्यात बसवून तिला सोलापूरची जत्रा दाखवली होती. निकाहात तिचा वली म्हणून आपलं नाव यावं, ही त्याची इच्छा आजची नव्हती. आणि म्हणूनच, ती दिसू नये म्हणून, तो सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला, "थांबू की. येईल त्यो. बापाचा हक बापाला."

पडद्याआडून फरिदाबीनं ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. नवरा मोठ्यानं बोलू लागला की मनात उलटं असतं, हे तिला वीस वर्षांत पाठ झालं होतं.

वराचे वडील फकीरसाहेब भला माणूस, पण अवघडलेला. बेंबळीहून अठ्ठेचाळीस मैल बायकापोरं ट्रकमध्ये घालून आणलेली, उद्या घरी वलीम्याचं जेवण, आणि इथं काही हलत नव्हतं. वेळ काढायचा म्हणून ते काझीसाहेबांशी बोलू लागले.

"आज दुनियाच वाटंकडं डोळे लावून बसलीय बगा. सकाळी उस्मानाबादेत चहाला थांबलो, तर एकजन असाच कावराबावरा. सूट घातलेला. हातात चामड्याची बॅग. मला म्हनतोय, जनाब, पोलीस कप्तानांची कचेरी कुनीकडं? म्या म्हनलं कोर्टातला कुनी असंल. दावली वाट. बोलनं मातुर आपल्यासारकं, अन् आपल्यासारकं न्हायबी."

गफार एकदम वळला. "भुवईवर वन होता? डाव्या?"

"होता की."

ट्रक सुरू करायचं हँडल उलटं फिरून लागलेला तो व्रण. बशीर अठरा वर्षांचा होता तेव्हाचा. गफारच्याच हातातून ते हँडल सुटलं होतं.

गफार खाटेवर बसला. त्याला सगळं एका क्षणात कळलं आणि आपल्या मूर्खपणाची कीव आली. बशीरच्या व्हिसासाठी हमीच्या कागदावर त्यानंच सही केली होती. पोलीस जमादारानं वाचूनही दाखवलं होतं की पाहुण्यानं आधी जिल्ह्याच्या ठिकाणी हजेरी द्यायची, शिक्का घ्यायचा, मगच पुढं. गफारनं मान डोलावली होती आणि घरी येऊन सोलापूर-नळदुर्ग बसच्या वेळा विचारल्या होत्या. घरी यायला निघालेला माणूस आधी घरी येतो, याच्यापलीकडे त्याचं डोकं गेलंच नव्हतं. घरात कुणाचंच गेलं नव्हतं. सोलापूरला उतरून बशीर तामलवाडी-तुळजापूरवरून थेट उस्मानाबादला गेला होता, आणि हे सगळे सकाळपासून सोलापूरच्या रस्त्याकडे तोंड करून बसले होते.

"बशीर हाय त्यो," गफार म्हणाला. "आलाय. हजेरी द्यायला गेलाय."

"कसली हजेरी?" फकीरसाहेबांनी विचारलं.

"परदेशी मानसाला द्यावी लागती."

हे शब्द त्याच्याच तोंडून निघाले आणि त्यालाच नवे वाटले. फकीरसाहेबांचा चेहरा उतरला.

"गफारभाई, आमाला ठाव होतं बाप कराचीला हाय म्हनून. त्येचं काय न्हाय. पर हे पोलीस, हजेरी… पोराची सरकारी नोकरी हाय. उद्या सासरा म्हनून त्येचं नाव निघालं तर? त्यापरीस तुमीच वली व्हा, लगीन लावा, अन् आमाला उजेडात निघू द्या. त्यो आला तर आला."

मांडवात कुजबुज झाली. बेंबळीकडचे दोघं उठून उभे राहिले. महारुद्र उगाचच सतरंजीचं टोक सरळ करू लागला.

तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला. या घरच्या बायका मांडवात बोलत नसत, आणि कुलसुमबी तर घरातही फारशी बोलत नसे.

"फकीरसाब, त्या मानसाची बाजू घ्यायला मी उबी न्हाय. त्येच्यावर माजा राग हाय तेवडा तुमचा कुनाचाच नसंल. पर त्यो चोर न्हाय. कुनाच्या चोरून आला न्हाय. शिक्का मारून घ्यायला गेलाय, ते रीतीनं यायचं म्हनूनच गेलाय. अन् त्याला वाट तुमीच दावली. आता तुमीच म्हनू नका, की कशाला आला."

फकीरसाहेब अंगठ्यानं दाढी खाजवत राहिले. मग म्हणाले, "मगरिबपतूर, दिस बुडंस्तोवर. त्यापुढं एक घटका न्हाय."

गफार आत गेला. जमिला उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"बडेअब्बा," ती म्हणाली, "बसनं यायला त्यांना उशीर होईल. तुमी आनाल त्यांना?"

'त्याला आणायला मी पाऊलसुद्धा टाकणार नाही' असं गफार याच स्वयंपाकघरात महिनाभर म्हणत आला होता. आणि आणलं, की आपलं वली होणं गेलं, हेही त्याला दिसत होतं. त्यानं पोरीकडे बघितलं. मग खुंटीवरची ट्रकची किल्ली काढली.

"महारुद्रला पाठवा की," फरिदाबी हळूच म्हणाली.

"त्याला कचेरीत कोन इचारतंय? हमी माजी हाय."

*

उस्मानाबाद चौतीस मैल. भरल्या ट्रकला पावणेदोन तास, रिकाम्याला दीड. गफारनं आज तो सव्वात काढायचा ठरवला. दोन्ही बाजूंनी ज्वारीची रानं काढणीला आली होती, आणि रस्ता इतका अरुंद की समोरून कुणी आलं की एकानं उतरायचं.

त्याच्या मनात भावाशी भांडण चाललं होतं. तू अडीच तासांत येतोस, आणि मी तुझ्यामागं चौदा वर्षं. तू तिकडं दुसरं घर केलंस, तेव्हा इथलं घर कुणाच्या खांद्यावर टाकलंस, एकदा तरी विचारलंस? भेटल्यावर हे सगळं म्हणायचं, एक शब्द गाळायचा नाही. मग त्याला आठवलं की हँडल लागलं तेव्हा बशीरनं अम्मांना सांगितलं होतं, मीच पडलो म्हणून. गफारला शिवी सुचली, पण ती कुणाला द्यायची ते कळेना.

तुळजापूरच्या अलीकडे समोरून एसटी आली. गफारनं सवयीनं ट्रक खाली उतरवला, हात बाहेर काढून ड्रायव्हरला जाऊ दिलं. धुळीनं काच पांढरी झाली. ती पुसून तो पुन्हा रस्त्याला लागला, आणि घाईनं निघून गेला.

*

बस नळदुर्गच्या स्टँडवर थांबली तेव्हा उन्हं कलली होती. तुळजापूरच्या बाजूनं आलेल्या त्या बसकडे फक्त महारुद्र बघत होता. सुटातला एक माणूस उतरला, त्यानं बॅग खाली ठेवली आणि स्टँडवरच्या वडाकडे बघत राहिला.

"बश्या," महारुद्र म्हणाला.

दोघं एकमेकांना धरून उभे राहिले.

"गफारभाई कुठं आहेत?" बशीरनं शेवटी विचारलं. "मला वाटलं, स्टँडवर असतील."

"तुला आनायला गेलेत. उस्मानाबादेला. गाठ न्हाय पडली?"

बशीरला आठवलं, तुळजापूर सोडण्याआधी नाही, सोडल्यावर लगेच एका ट्रकनं वाट दिली होती. ड्रायव्हरचा बाहेर काढलेला हात त्यानं पाहिला होता. त्यानं बॅग उचलली.

घरी आल्यावर कुलसुमबीनं त्याला पाणी दिलं. तांब्या समोर ठेवला, हातात दिला नाही. "थकला असाल," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. बशीरनं तांब्या उचलला आणि पाणी न पिता कितीतरी वेळ धरून ठेवला.

वेळ थोडा होता. फकीरसाहेब आभाळाकडे बघत होते. काझीसाहेबांनी सगळं भराभर मांडलं. बाप आला आहे, वली ठरला, आता दोन गवाह घेऊन आत जा आणि मुलीची रजा आणा.

जमिलानं पदराच्या आडून पहिल्यांदा बापाला पाहिलं. केस मागे गेलेला, थकलेला, घाबरलेला एक माणूस. डाव्या भुवईवर व्रण. इतकी वर्षं सगळ्यांना सांगितलेल्या आठवणींपैकी एकही या माणसाला लागू पडत नव्हती. तिला त्याच्याबद्दल राग आला नाही. वाईट वाटलं, आणि खूप प्रेम वाटलं, आणि त्या प्रेमाचं काय करायचं ते तिला समजेना. तिनं वाकून सलाम केला. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"जमिला," तो म्हणाला, "फकीरसाहेबांच्या मुलाशी, ठरलेल्या मेहरवर, तुझा निकाह लावायची मला रजा देतेस?"

एक पळ गेला, दोन गेले. जमिला खाली बघत होती. पोरगी गप्प राहिली की रजाच. एक गवाह समाधानानं मान हलवून उठू लागला.

"न्हाय," जमिला म्हणाली.

फरिदाबीच्या हातातलं पानाचं तबक कलंडलं.

"बेटी, मी आलो ना," बशीर म्हणाला. "आता कुणाची वाट?"

"बडेअब्बांची. ते आल्याबिगर न्हाय." तिनं मान वर केली. "तुमच्यासाठी मी सकाळधरनं थांबले, अब्बा. सगळ्यांना थांबवलं. आता त्यांच्यासाठी तुमी थांबा."

बशीर मान खाली घालून म्हणाला, "बरोबर आहे."

बाहेर येऊन त्यानंच फकीरसाहेबांना सांगितलं. गफार नाही, तोवर निकाह नाही. वराचा बाप चिडेल म्हणून सगळे बघत होते. फकीरसाहेबांनी एकदा उन्हाकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे, आणि जोडे काढून पुन्हा सतरंजीवर मांडी घातली. "अशी पोरगी घरात आली तर पोलीसबी दारातनं मागं जातील," ते पुटपुटले. त्यांच्याकडचे दोघेही बसले.

"उस्मानाबादहून इथं ट्रकला किती वेळ लागतो?" बशीरनं महारुद्रला विचारलं.

"दीड तास. रागात असले तर सव्वा."

बशीरनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. ते अजून तिकडच्याच वेळेवर होतं. ते त्यानं अर्धा तास पुढं केलं, आणि तुळजापूरच्या रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

आत कुलसुमबी लेकीशेजारी येऊन बसली. सकाळपासून पहिल्यांदाच बसली. तिनं जमिलाची काळी पडलेली मेंदी नखानं हळूहळू खरवडायला घेतली. खालून लाल रंग निघत होता. उजेड पिवळा झाला, मांडवात कुणीतरी कंदिलांच्या काचा पुसू लागलं.

मग लांबून हॉर्न ऐकू आला. एक लांब, दोन आखूड. या घरात तो हॉर्न सगळ्यांना ओळखता यायचा. भाकरी टाका, मी आलो, असा त्याचा अर्थ होता. पाठोपाठ ट्रक थांबल्याचा आवाज आला, दार आपटल्याचा आला, आणि मग रस्त्यावरून दोन म्हाताऱ्या होऊ लागलेल्या माणसांचं एकदम रडणं.

जमिलानं पदर सावरला.

"अम्मी," ती म्हणाली, "आता इचारायला सांगा."